रुख्माबाईची छाट

"व्यवसाय म्हणजे काय?" असं मॅडमनी विचारलं, तेव्हा रुख्माबाई बाकावर डोकं टेकून झोपली होती.

मी तिला कोपरानं ढोसलं. "मावशी, उठा नं. तुमालेच इचारून राहिल्या."

ती उठली. पदर डोक्यावरून सारखा केला आणि फळ्याकडे असं बघितलं, जसं काही सगळा तास जागीच होती. "काय इचारलं, बाई?"

"व्यवसाय म्हणजे काय?"

"हाव. आमच्या हातानं दुसऱ्याचं पोट भरते, थ्याले व्यवसाय म्हणतेत. अन् त्याच हातानं आमचं भरत नाही, थ्याले काम म्हणतेत."

वर्ग खदखदून हसला. खानझोडे मॅडमही हसल्या. बाई वाईट नव्हत्या. हसून झाल्यावर त्यांनी फळ्यावर खरी व्याख्या लिहिली: नफा मिळवण्याच्या हेतूने वस्तू व सेवांचे नियमितपणे केलेले उत्पादन किंवा विनिमय. मी ती वहीत उतरवली आणि खाली पट्टीनं रेघ मारली. आज आठ वर्षं झाली, ती व्याख्या मला तोंडपाठ आहे. रुख्माबाईचं उत्तर मात्र मी लिहून घेतलं नव्हतं. ते लिहून घेण्यासारखं आहे हे कळायला मला फार उशीर लागला, आणि त्याची किंमत तिनं मोजली.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. गरीब बायांना धंदा शिकवायचं सरकारनं मनावर घेतलं होतं. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका कॉलेजात दुपारी बारा ते दोन आमचा वर्ग भरायचा. सहा महिन्यांचा कोर्स, नाव 'व्यवसायाची मूलतत्त्वे', शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. वर्ग मंजूर व्हायला वीस नावं लागत होती. इंदोऱ्याच्या आमच्या वस्तीतून एकोणीस जमली. विसावी म्हणून मी शेजारच्या रुख्माबाईला ओढलं. वयाची अट पंचेचाळीसच्या आत होती आणि म्हातारीनं तर साठी ओलांडलेली. मी फॉर्मवर चव्वेचाळीस लिहिलं आणि सहीच्या जागी तिचा अंगठा उमटवला.

"चव्वेचाळीस?" ती म्हणाली. "मंग तं आता माह्यं दुसरं लगन लावून दे, कौसे."

तरी ती एक दिवस चुकली नाही. बर्डीपर्यंत बस, तिथून पायी, आणि पोचली की पहिल्या दहा मिनिटांत झोप. "बाबासाहेबांनी शिका म्हनलं होतं, म्हणून येतो मी," असं ती सांगायची. "झोप येते, थ्याले मी काय करू?"

आम्ही सगळ्या बिडीवाल्या. मॅडम 'विडी' म्हणायच्या, पण विडी म्हटलं की आम्हाला पानाची आठवण यायची. आमची बिडी तेंदूपत्त्याची. ओल्या पोत्यातली पानं काढायची, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून कैचीनं मापात कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा आणि तोंड अंगठ्याच्या नखानं मुडपायचं. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. संध्याकाळी पाचला सगळे कट्टे सुपात घालून कारखान्याच्या खिडकीवर न्यायचे. खिडकीत बाबनराव मुन्शी बसायचा. तो कट्टा उचलायचा, दाबायचा, आणि मनात आलं की बाजूला फेकायचा. "छाट!"

छाट म्हणजे नापास माल. त्याची मजुरी नाही, आणि तो परतही मिळायचा नाही. बाबनराव तो ठेवून घ्यायचा आणि मागच्या दारानं विकायचा, हे वस्तीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. एकदा मी म्हटलं होतं, "खराब हाय तं वापस द्या नं." त्यानं माझा अख्खा माल दोन दिवस घेतला नाही.

बिडी मला रुख्माबाईनं शिकवली. मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली. बाप मिलमध्ये. रुख्माबाईला मूलबाळ नव्हतं. तिनं मला तिच्या ओट्यावर बसवलं. पण मी पडले डावखुरी. बाकीच्या बाया म्हणायच्या, डाव्या हाताची बिडी उलटी सुटते, पोरीचा हात बांधून ठेवा. एकीनं दोनदा मारलंही. रुख्माबाईनं काय केलं, तर ती उठून माझ्या शेजारून माझ्या समोर येऊन बसली. "माह्या हाताकडं पाय. आरशात पायतेस नं, तसं कर." ती उजव्या हातानं दोरा एका बाजूनं गुंडाळायची, मी डाव्या हातानं दुसऱ्या बाजूनं. महिनाभर ती अशी समोरासमोर बसली. तेव्हापासून माझी बिडी वस्तीत एकटी आहे. तिचा दोरा सगळ्यांच्या उलटा जातो. अंधारात हाती दिली तरी रुख्माबाई नख फिरवून सांगायची, "ही माह्या कौसीची."

ओट्यावर आम्ही आठजणी बसायचो. तिथं एक रीत होती, तिला आम्ही मूठ म्हणायचो. पाच वाजत आले आणि एखादीचं सूप अर्धंच भरलेलं असलं, कुणाचं पोर तापानं फणफणतंय, कुणाला रात्री नवऱ्यानं मारलंय, तर उठायच्या आधी प्रत्येकीनं आपल्या सुपातली मूठभर बिडी तिच्या सुपात टाकायची. बोलायचं नाही, मोजायचं नाही, आणि घेणारीनं आभार मानायचे नाहीत. माझ्या दोन बाळंतपणांत महिनाभर माझं सूप असंच भरत होतं. सगळ्यांत मोठी मूठ रुख्माबाईची असायची. हात लहान होता तिचा, पण मूठ मोठी.

हे मी मॅडमना एकदा कौतुकानं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग मान हलवली. "म्हणूनच तुम्ही मागे राहता, कौसल्या. कुणाचा माल चांगला, कुणाचा वाईट, हे कळणारच नाही अशानं. जबाबदारी एकेकीची हवी. आणि तपासताना एक लक्षात ठेव. माल बघायचा, माणूस बघायचा नाही."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी त्याच्यावर भाळले. सातवी पास झालेली वर्गातली मी एकटी. मॅडम माझी वही सगळ्यांना दाखवायच्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या डाव्या हाताचं अक्षर चांगलं आहे असं म्हणत होतं. कोल्हं काकडीला राजी, अशी माझी गत झाली होती. घरी मी नवऱ्याशीसुद्धा 'मागणी' आणि 'पुरवठा' बोलायला लागले होते. तो बिचारा जेवता जेवता म्हणायचा, "भाजी वाढ, मागणी हाय."

चौथ्या महिन्यात मॅडमनी सुचवलं की आपण स्वतःची संस्था काढू. बायांची, सहकारी. मधला मुन्शी नाही, छाट नाही. उद्योग खात्याचे एक साहेब तयार झाले. पानं आणि तंबाखू ते मिळवून देणार, माल सरकारी दुकानात जाणार. अट एकच की सभासद बाईनं दुसऱ्या कारखान्याचं काम करायचं नाही. मॅडम म्हणाल्या, "कौसल्या, नियम तू लिही. सेक्रेटरी तूच होणार आहेस."

मी अकरा नियम लिहिले. सातवा नियम लिहिताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. पहिल्या मालात प्रत्येक बाईचे दहा कट्टे वेगळे ठेवायचे, त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी बांधायची. दहापैकी दोनहून जास्त खराब निघाले तर ती बाई सभासद राहणार नाही. आणि खराब माल कुणी ठेवून घ्यायचा नाही, तो सगळ्यांसमोर मोडून टाकायचा. बाबनरावाची चोरी माझ्या डोळ्यांत इतकी सलत होती की मोडणं म्हणजे न्याय, असं मला वाटलं.

ओट्यावर मी नियम वाचून दाखवले. रुख्माबाईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"म्हंजे मूठ बंद?"

"मूठ बंद, मावशी. ज्याचा माल त्याच्या नावानं."

"अन् जिचं लेकरू आजारी, थिनं काय करावं वं?"

"तिनं त्या दिवशी कमी करावं."

"अन् जिचा हातच कमी झाला, थिनं?"

मी वहीचं पान उलटलं. बाकीच्या बाया खाली बघत होत्या. मग तीच म्हणाली, "बरं बापा. तू शिकलेली हायेस. तुले समजत असन."

कारखाना सोडताना सगळ्यांत आधी तीच उठली. तिच्या पाठोपाठ बाकीच्या उठल्या, नाहीतर एकीनंही धाडस केलं नसतं. बाबनराव खिडकीतून ओरडला, "म्हातारे, जाऊन राहिली तं जाय. पण वापस येशीन तं खिडकी बंद दिसन!" रुख्माबाईनं मागं वळूनही बघितलं नाही. तिचं पोट त्या दिवसापासून माझ्या अकरा नियमांवर होतं, आणि हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं.

पहिल्या मालाची तपासणी कॉलेजातच, साहेबांसमोर ठरली. सगळ्यांचे कट्टे आदल्या दिवशी रुख्माबाईच्या खोलीत ठेवायचे होते, कारण सबंध वस्तीत तिचंच छप्पर गळत नव्हतं. बायांनी चार-चार दिवस जपून माल केला. मला वेळ कुठं होता? नियम तीनदा स्वच्छ लिहायचे, अर्ज भरायचे, परीक्षेचा अभ्यास. माझे दहा कट्टे मी एका सकाळी उरकले. पानं पोत्यात राहून वाळली होती, कडेनं फुटत होती. डोक्यात नियम घोळत होते आणि हात आपले वळत होते. संध्याकाळी चिठ्ठीवर झोकदार सही करून मी ते रुख्माबाईकडे नेले.

तिनं त्यातली एक बिडी उचलली, कानाशी नेऊन दोन बोटांत फिरवली.

"कवा वळल्या वं ह्या?"

"आज. काहून? चालन नं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग बिडी परत कट्ट्यात खोचली. "चालन. ठेव तिथी. तू जाय, अभ्यास कर."

तिच्या कोपऱ्यात तिचे दहा कट्टे होते, अंगठा उमटवलेल्या चिठ्ठीसकट. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. म्हातारीचा हात गेलाय, हे मी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात दोन टेबलं मांडली होती. एकावर मी, हातात पत्र्याची कडी आणि फूटपट्टी. बिडी कडीतून बेताची गेली पाहिजे, लांबी पट्टीवर बसली पाहिजे, तोंड सुटता कामा नये. दुसऱ्या टेबलावर मॅडम आणि साहेब. माझा माल मी तपासणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो त्यांनी तपासला. दहाच्या दहा पास. साहेबांनी एक बिडी उंच धरली. "असा माल पाहिजे. जिनं नियम केले तिनंच आधी पाळले, बघा!" बायांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून हसले. रुख्माबाई भिंतीशी बसली होती, तीही टाळ्या वाजवत होती.

एकेकीचं नाव घेत मी पुढं गेले. जनाबाईचा एक कट्टा खराब निघाला, तो मोडला. अंजनाबाईचे दोन. मोडताना बाया श्वास रोखायच्या, पण सगळ्या वाचत होत्या. सगळ्यांत शेवटी अंगठ्याची चिठ्ठी आली.

पहिलाच कट्टा ढिला. कडीतून बिड्या सळसळ खाली पडल्या. दुसऱ्याची तोंडं उकललेली. मी वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तर ती दिसली असती, आणि माणूस बघायचं नव्हतं. मी बिड्यांकडेही नीट बघत नव्हते, फक्त कडी आणि पट्टी. तिसरा खराब निघाला तेव्हा जनाबाई हळूच म्हणाली, "कौसे, थांब वं. म्हातारी हाय. तिनं तुले..."

"नियम सर्वांना सारखा आहे," मी म्हटलं. तेही मॅडमच्या बोलीत, जनाबाईशी.

दहातले सहा खराब निघाले. सहा कट्टे, दीडशे बिड्या. त्या मोडायला वेळ लागतो. मी मूठमूठ घेऊन मोडल्या. वाळलेलं पान कटकट वाजत होतं, आणि एवढ्या मोठ्या खोलीत दुसरा आवाज नव्हता. रुख्माबाई उठून टेबलाजवळ आली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. पहिल्यापासून शेवटच्या मुठीपर्यंत तिनं नजर हलवली नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

तिनं आणखी थोडा वेळ वाट बघितली. कशाची, ते मला समजलं नाही. मग ती जाऊन तिच्या जागेवर बसली.

साहेब यादी लिहायला लागले. टेबलावरचा तंबाखू मी हातानं गोळा करत होते. त्यात एक बिडी न मोडलेली राहिली होती. मी ती उचलली आणि सवयीनं तिच्यावरून नख फिरवलं.

दोरा उलटा होता.

मी दुसरा तुकडा उचलला, तिसरा उचलला. सगळे दोरे उलटे. सबंध वस्तीत, अख्ख्या नागपुरात म्हणा, असा दोरा एकाच हाताचा. मी त्या दुसऱ्या टेबलाकडे बघितलं. साहेबांनी उंच धरलेली बिडी तिथं अजून पडली होती. ती कुणाची, हे बघायला जायची गरज नव्हती.

"एकूण सभासद एकोणीस," साहेब म्हणाले. "सेक्रेटरी, सौभाग्यवती कौसल्याबाई."

बोलायला तेवढाच वेळ होता. फार नाही, साहेब पेनचं टोपण लावेपर्यंत. बोलले असते तर मीच गेले असते, माझ्याच सातव्या नियमानं. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की मी गेले तर संस्था बुडेल, एकोणीस घरं बुडतील. पुढं कित्येक वर्षं मी हेच सांगत होते. ते खोटं आहे. मला एकोणीस घरं दिसली नव्हती. मला दिसत होतं ते सर्टिफिकेट, आणि कानात अजून वाजत होत्या त्या टाळ्या. मी तंबाखू कागदात बांधला आणि साहेबांनी टोपण लावलं.

परत जाताना बर्डीच्या रस्त्यावर बाया पुढं गेल्या. रुख्माबाई मागं राहिली, तिच्यासोबत मी.

"मावशी, चिठ्ठ्या तुम्ही बदलल्या."

"हाव."

"काहून पण?"

"मूठ देली वं, दुसरं काय?" ती चालता चालता म्हणाली. "तुहा माल पायला मी. चारचौघात तुह्या मालाची छाट झाली असती, तं त्या खुर्चीवर कोण बसलं असतं? जनाबाई? थिले तं स्वतःचं नाव लिहता येत नाही."

"पण तुमचं काय आता? बाबनराव..."

ती थांबली. रस्त्यातच थांबली, मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली तरी हलली नाही.

"मले वाटलं, तू वळखशीन. दोरा पायशीन अन् वळखशीन. माह्यासमोर बसून शिकली तू. वळखून मंग काय करशीन, थे मी तुह्यावर सोडलं होतं. एक मूठ मोडली, मी म्हटलं, आता कौसी पायते. दुसरी मोडली, म्हटलं, आता तरी पायते. सहा कट्टे झाले, कौसे. तू एकदाबी हात पायला नाही."

मी म्हटलं, "मी उद्या साहेबांकडं जातो. सांगतो खरं काय थे."

"आज काहून नाही सांगतलं?"

ती चालायला लागली. बसमध्ये ती बायांच्या बाकावर बसली, मी उभी राहिले. साहेबांकडे मी दुसऱ्या दिवशी गेले नाही, तिसऱ्याही नाही.

परीक्षेत मी पहिली आले. एक प्रश्न होता, 'गुणवत्ता नियंत्रणाचे महत्त्व सोदाहरण स्पष्ट करा.' मी उदाहरण आमच्याच संस्थेचं दिलं. वीसपैकी अठरा मार्क.

रुख्माबाई बाबनरावाकडे परत गेली. जाणार कुठं? त्यानं तिला तीन दिवस खिडकीखालच्या पायरीवर बसवून ठेवलं, येणारा-जाणारा बघेल असं. चौथ्या दिवशी पानं दिली, तीही फाटकी. वस्तीत मी तिच्या घरी डाळ पाठवली, माझ्या पोरीच्या हातानं. डाळ घेतली तिनं. दुसऱ्या दिवशी तीच वाटी ज्वारी भरून परत आली. ओट्यावर आता कुणी बसत नव्हतं. जी ती आपापल्या घरात, आपापल्या चिठ्ठीसकट.

संस्था दीड वर्ष चालली. मग साहेबांची बदली झाली, पानं येईनाशी झाली, आणि मॅडम दुसऱ्या कुठल्या वर्गाला लागल्या. एकोणीसजणी एकेक करून त्याच खिडकीवर परतल्या. मी शेवटची. तोवर बाबनरावाचे डोळे गेले होते आणि मालकाला नवा मुन्शी पाहिजे होता. त्यानं माझं सर्टिफिकेट वाचलं, वरून खाली, खालून वर. "गुणवत्ता नियंत्रण शिकली हायेस? मंग आमच्याकडंच ये. बाईमाणूस खिडकीत असली की बाया कमी भांडतात."

दोन पोरं होती, नवऱ्याची मिलमधली बदलीची कामं सुटत चालली होती. मी बसले त्या खिडकीत. अजून बसते.

पहिल्या दिवशी रांगेत रुख्माबाई होती. पाठीत वाकलेली, डोळ्याला चष्मा लावलेली. मी मनात ठरवलं होतं की तिचं सूप आलं की कट्टे न बघता आत घ्यायचे, एकही बाजूला काढायचा नाही. आता तरी एवढं करायचं. तिचा नंबर आला. मी सुपाला हात घालणार, तेवढ्यात तिनं सूप मागं ओढलं.

"थांबा, बाई."

कौसे नाही. बाई. त्या दिवसापासून ती मला तेच म्हणते.

बाबनरावानं तिला बसवून ठेवलं होतं, त्याच पायरीवर ती बसली. सूप मांडीवर घेतलं आणि एकेक कट्टा सोडून बिड्यांवरून बोटं फिरवायला लागली. डोळ्यांनी नाही, नखानं. चांगली बिडी ती परत कट्ट्यात ठेवायची. ढिली लागली की मोडायची, तंबाखू पदराच्या टोकात ओतायची, आणि पुढची उचलायची. मागची रांग कुरकुरत होती, तिनं लक्ष दिलं नाही. सगळं झाल्यावर उठून तिनं उरलेले कट्टे खिडकीवर ठेवले.

"माही छाट मी काढली," ती म्हणाली. "तुमी नुसती सही करा."

तेव्हापासून रोज असंच. पाच वाजता पायरीवर ती बसते आणि खिडकीबाहेर एकेक बिडी मोडल्याचा आवाज येत राहतो. मी रजिस्टर उघडून, पेन डाव्या हातात धरून, तिचं होईपर्यंत आत वाट बघत बसते.